व्हायरस काढून मिळेल

"शेवटचा हात कुणाचा?"

दारात चपला काढतानाच तो हे विचारायचा. नमस्कार नाही, 'काय बिघडलंय' नाही. घरातला कॉम्प्युटर दोन दिवसांपासून आजारी असायचा, घरातली माणसं त्याच्यावरून एकमेकांशी बोलेनाशी झालेली असायची, आणि हा गृहस्थ उंबऱ्यावर उभा राहून पोलीस पाटलाच्या सुरात विचारणार, "शेवटचा हात कुणाचा?" उत्तर मिळेपर्यंत तो मशीनला बोट लावत नसे. पाणी मात्र प्यायचा, तेही दोन ग्लास.

तुमच्या कॉलनीतही असा एखादा असेल. नसेल तर तुम्ही सुखी आहात, कारण तुमच्या घरातल्या भानगडी अजून तुमच्या घरातच आहेत. आमच्या सिडकोतल्या कॉलनीच्या भानगडी मात्र बारा वर्षं या एका माणसाच्या डोक्यात जमा होत होत्या. त्यानं तोंड उघडलं असतं तर निम्म्या घरांत भांडी वाजली असती. पण तो कुणाचं कुणाला सांगत नसे. ज्याचं त्यालाच सांगे, फक्त सगळ्या कुटुंबासमोर सांगे.

मूळचा पिशोरचा. घरी शेती, पण पोरानं शहरात जाऊन काहीतरी करावं अशी घरच्यांची इच्छा, आणि ते काहीतरी म्हणजे आमचे कॉम्प्युटर. कॉलनीत सगळे त्याला भाऊ म्हणत. चौकडीचा शर्ट, खिशात पेनाच्या जागी स्क्रू ड्रायव्हर, आणि जेवणाच्या डब्याच्या पिशवीत दाढीचा ब्रश. त्या ब्रशनं तो सीपीयूतली धूळ काढायचा. एकदा माझ्या बायकोनं विचारलं, "भाऊ, याच ब्रशनं दाढी पण करता का?"

"आधी दाढीच करायचो वहिनी. मग मशीनच्या नाकात फेस जायला लागला, म्हणून दाढी वाढवली."

कॉलनीच्या तोंडाशीच त्याचं पत्र्याचं दुकान होतं आणि दुकानावर लाल अक्षरांत पाटी होती, 'येथे व्हायरस काढून मिळेल'. गंमत अशी, की त्याचा स्वतःचा व्हायरसवर फारसा विश्वास नव्हता. "असतो की सर, नाय कशाला म्हणू," तो म्हणायचा, "पण एखाद्या घरी. बाकीच्या घरांत माणसं असतात."

"मग पाटीवर असं का लिहिलंय?"

"मग काय लिहू? 'तुमची चूक काढून मिळेल' लिहिलं तर पायरी कोण चढंल?"

त्याची पद्धत ठरलेली. आधी घरातल्या सगळ्यांना समोर बसवायचं. आजीपासून नातवापर्यंत, पाहुणा आला असेल तर पाहुण्यालाही. मग एकेकाला विचारायचं, शेवटी कोण बसलं होतं, काय उघडलं होतं, कशावर दाबलं. अर्थातच कुणीही काहीही दाबलेलं नसायचं. आपल्याकडं कॉम्प्युटर आपोआप बिघडतो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. सगळ्यांच्या साक्षी झाल्या की भाऊ मान डोलवायचा, मशीन चालू करायचा आणि पाच मिनिटांत आरोपी सापडायचा.

आमच्या समोरच्या बंगल्यातले निवृत्त इंजिनिअर साहेब घ्या. सरकारी नोकरीत त्यांनी पूल बांधले, आणि ते सगळे अजून उभे आहेत, असं ते स्वतः सांगतात. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांचा कॉम्प्युटर मेला. साहेबांचं ठाम मत, की हा परदेशातून सोडलेला व्हायरस आहे आणि तो सणावारालाच सोडतात. भाऊनं घरच्यांना बसवलं, प्रश्न विचारला, साहेबांनी स्वतः ग्वाही दिली की काल-परवा सुट्टी होती, मशीनला कुणीच हात लावला नाही. भाऊनं सीपीयूचं झाकण काढलं आणि आत नाक घातलं.

"साहेब, तुमच्या व्हायरसला खोबऱ्याचा वास येऊ राह्यला."

झालं होतं असं, की खंडेनवमीला साहेबांनी स्कूटरला, मिक्सरला आणि कॉम्प्युटरला हळदकुंकू वाहिलं होतं, आणि नव्या गाडीपुढं फोडतात तसा सीपीयूपुढं नारळ फोडून पाणी चारी बाजूंनी शिंपडलं होतं. जाळी होती वरच्या बाजूला. श्रद्धेनं शिंपडलेलं पाणी थेट आत पोचलं. साहेब म्हणाले, "मशीनला हात कुठं लावला मी? पूजा केली." भाऊनं ते मान्य केलं. पुढच्या वर्षी पूजेआधी वायर काढून ठेवा आणि नारळ पायरीवर फोडा, एवढंच सांगून तो निघाला.

मी हा किस्सा शाळेत स्टाफरूममध्ये रंगवून सांगितला. मी विज्ञानाचा शिक्षक आहे, त्यामुळं असल्या गोष्टींवर हसणं माझं कर्तव्यच आहे. त्यानंतर महिनाभरातच आमच्या घरचा कॉम्प्युटर लंगडायला लागला. काही उघडलं की आधी कसली तरी जाहिरात, तिच्यावर दुसरी जाहिरात. मी ताबडतोब मुलीला फैलावर घेतलं. ती तेव्हा आठवीत होती, म्हणजे कुठल्याही गुन्ह्याला सोयीची. ती रडली, बायको तिच्या बाजूनं उभी राहिली, मी भाऊला बोलावलं.

भाऊनं आम्हाला बसवलं. मशीनमध्ये पाहिलं. मग शांतपणे म्हणाला, "रविवारी दुपारी तीन वाजून दहा मिनटं. फुकटात पत्रिका बघायचं काहीतरी उतरवलंय. ताई कुठं होती?"

"क्लासला."

"वहिनी?"

"वैजापूरला. माहेरी."

भाऊनं माझ्याकडं पाहिलं. "सर, तुम्ही मांजर पाळलंय का?"

त्यानंतर आठ दिवस मुलगी माझ्यासमोरून जाताना म्याँव करायची. मी तिला सांगितलं की ते शास्त्रीय कुतूहल होतं. खरं म्हणजे माझ्या बढतीचं कुठं अडलंय ते मला बघायचं होतं. शनी होता म्हणे.

आता अण्णांबद्दल सांगतो. अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांचं लहानपण वैजापूरच्या बाजूला मेंढरांमागं गेलं. चालत चालतच कुठंतरी शाळा शिकले, आणि खुलताबादला जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर म्हणून लागले. बैलांच्या खांद्यावरची जू घासून आलेली आवाळं आणि मेंढ्यांचे खूर यांत नोकरी पार पडली. आई गेल्यावर ते आमच्याकडं आले. दोन वर्षं नुसते गॅलरीत बसून होते. मग त्यांच्या नातीनं, म्हणजे माझ्या त्याच मुलीनं, त्यांना कॉम्प्युटरवर मराठी टाइप करायला शिकवलं. नवी फाईल कशी काढायची ते शिकवलं. जपून कशी ठेवायची ते शिकवलं. काल ठेवलेली फाईल पुन्हा कशी उघडायची तेही नक्कीच शिकवलं असेल.

सकाळी दहाला मी शाळेत, बायको तिच्या पतपेढीत, मुलगी कॉलेजात. मग अण्णा अंघोळ करून, टोपी घालून कॉम्प्युटरपुढं बसायचे. टोपी घालून, कारण खुर्चीवर बसून लिहायचं म्हणजे कचेरीचं काम. एका बोटानं लिहायचे. काय लिहिता विचारलं तर म्हणायचे, "आमच्या मेंढरांचं लिहून ठिवतो. नंतर कुणाला म्हाईत राहायचं नाय." मी 'वा वा' म्हणायचो. म्हाताऱ्या माणसाला काहीतरी विरंगुळा हवा, असं मी सगळ्यांना समजूतदारपणे सांगायचो. ते वाचायला मात्र मला वेळ नव्हता. मला पेपर तपासायचे असायचे.

मुलगी बारावीत गेली आणि त्या वर्षी कॉम्प्युटरच्या पडद्यावर फायली वाढायला लागल्या. आपोआप. सकाळी सोळा असल्या तर संध्याकाळी सतरा. नाव सगळ्यांचं एकच, पुढं फक्त आकडा. आणखी पसरेल या भीतीनं एकही उघडून बघायची कुणाची हिंमत नव्हती. एक पुसली की दुसऱ्या दिवशी दुसरी हजर. आणि एक दिवस मुलीच्या सराव परीक्षांचं अख्खं फोल्डर गायब झालं. परीक्षा तोंडावर आलेली. घरात हलकल्लोळ. मी सिद्धांत मांडला, की विषाणू स्वतःच्या प्रती काढतो आणि हा तस्साच वागतोय. फळ्यावर आकृती काढायची तेवढी राहिली. बायकोचा संशय मुलीच्या मैत्रिणींच्या पेन ड्राइव्हवर, मुलीचा माझ्या पत्रिकेवर. अण्णांवर कुणाचाच संशय नव्हता. अण्णा कुणाच्या हिशेबातच नव्हते.

भाऊ आला तो पाण्याचा दिवस होता. नळाला पाणी आठवड्यानं यायचं, त्यामुळं त्या दिवशी सगळे घरीच. मोटार, पाईप आणि बादल्या यांच्यामधून वाट काढत तो आत आला. मी त्याला चौकशीची संधीच दिली नाही.

"भाऊ, या वेळी शेवटचा हात वगैरे काही नको. खरा व्हायरस आहे. सगळं पुसून टाका. फॉरमॅट."

"पोरीचं फोल्डर?"

"गेलंच आहे ते. मशीन स्वच्छ झालं म्हणजे बाकीचा अभ्यास तरी होईल."

कोपऱ्यातून अण्णा म्हणाले, "माझं लिहिलेलं जाईल का रे त्यात?"

"अण्णा, तुमचं असं काय आहे त्यात? एखादं पान असेल."

"व्हय, एकच पान झालंय," अण्णा म्हणाले. "पण चांगलं जमलंय."

भाऊ खुर्चीवर बसला. रीतीप्रमाणं आम्हालाही त्यानं बसवलं. अण्णा हात गुडघ्यांवर ठेवून, तपासणीला साहेब आल्यावर बसतात तसे सरळ बसले. भाऊनं पहिली फाईल उघडली. वाचली. दुसरी उघडली. मग तिसरी. नेहमी तो पाच मिनिटांत काहीतरी खवचट बोलायचा. आज बोलेना. फायली उघडत राहिला, मिटत राहिला. मध्येच मुलगी बघायला पुढं सरकली, तर त्यानं पडदा स्वतःकडं वळवून घेतला.

"ताई, मला जरा अर्धा ग्लास पाणी."

मग त्यानं फायलींच्या वेळा पाहिल्या. तेवढं मला दिसलं. तो रकाना मी ओळखायचो, कारण त्याच रकान्यात मी एकदा पकडलो गेलो होतो. भाऊनं अण्णांकडं पाहिलं. अण्णा त्याच्याकडं बघून भाबडेपणानं हसले. अजूनही त्यानं तो प्रश्न विचारला नव्हता. मी विचारू नको म्हटलं होतं खरं, पण माझं ऐकून गप्प बसणाऱ्यातला तो नव्हता.

"व्हायरस हाय, सर," भाऊ म्हणाला. "लई मोठा हाय."

तुम्हाला सांगतो, आमच्या घरात आनंदीआनंद झाला. ज्या माणसानं इतक्या वर्षांत कॉलनीतल्या एकाही घरात व्हायरस मान्य केला नव्हता, त्यानं आमच्या घरी तो मान्य केला. जणू सरकारनंच शिक्का मारून दिला. बायकोनं पोहे टाकले. मुलीनं माझ्याकडं विजयी नजरेनं पाहिलं, मी तिच्याकडं. समोरच्या साहेबांना ही बातमी कशी सांगायची, तेही मी मनात ठरवून टाकलं.

"पण फॉरमॅट करायचं नाय," भाऊ म्हणाला. "हा पुसून जाणारा नाय. मला दर आठवड्याला यावं लागंल. गुरुवारी, सकाळी दहाला. अण्णा असतील ना घरी?"

"मी कुठं जातो?" अण्णा म्हणाले.

जाता जाता त्यानं मुलीचं फोल्डर शोधून दिलं. ते दुसऱ्याच एका फोल्डरात जाऊन बसलं होतं. मग मला म्हणाला, "सर, जरा खाली येता का? गाडी कुठं लावू ते सांगा." गाडी तर त्याची लावलेलीच होती. मला वाटलं, बिलाचं असेल.

खाली गाडीपाशी उभा राहून तो बराच वेळ पिशवीची चेन लावत बसला. मग म्हणाला, "सर, एक्केचाळीस फायली हायेत. सगळ्या अण्णाच्या. सगळ्या सकाळी दहा ते अकरामधल्या. सगळ्यांत पहिलं वाक्य एकच हाय."

"कुठलं वाक्य?"

"'आमच्या कळपात तीनशे मेंढ्या होत्या आणि माझे वडील प्रत्येक मेंढी तोंडावरून ओळखत.' रोज तेच. काना-मात्रेचा फरक नाय. त्यांना वाटतंय, आजच सुरुवात केली. पोरीचं फोल्डर त्यांच्याच हातनं सरकलंय. तेबी त्यांना आठवत नाय."

मी काय केलं असेल सांगा. मी विज्ञानाचा शिक्षक. समोर एक्केचाळीस पुरावे. मी त्याच्यावर ओरडलो. म्हटलं, तू कॉम्प्युटर दुरुस्त करणारा माणूस, माझ्या वडिलांच्या डोक्यात कशाला शिरतोस? त्यांना काही झालेलं नाही. वय झालंय, विसरतात जरा. शेजारचा दूधवाला थांबून बघायला लागला.

भाऊ चिडला नाही. म्हणाला, "आमच्या थोरल्या चुलत्याचं असंच झालं होतं. विहिरीला पाणी लागलं, ही बातमी रोज घरोघर जाऊन सांगायचा. विहीर जुनी. लोक पण मजेत विचारायचे, 'काका, किती फुटावर लागलं?' तो रोज सांगायचा, लोक रोज हसायचे. हसणाऱ्यात मीबी होतो, सर." मग किक मारता मारता म्हणाला, "वर सगळ्यांसमोर मी त्यांचं नाव नाय घेणार. तुम्हीबी घेऊ नका. फक्त डॉक्टरला दाखवा."

पंधरा दिवस मी त्याच्याशी बोललो नाही. सोळाव्या दिवशी अण्णांनी मला विचारलं, तुझी आई बाजारातून अजून कशी आली नाही. मग मी डॉक्टरकडं गेलो. फार मोठे डॉक्टर, भिंतभर प्रमाणपत्रं. त्यांनी अण्णांना घड्याळाचं चित्र काढायला लावलं, उलटे आकडे म्हणायला लावले, डोक्याचा फोटो काढला, आणि पत्र्याच्या दुकानातल्या माणसानं गाडीपाशी उभं राहून जे सांगितलं होतं, तेच मला इंग्रजीत सांगितलं.

भाऊ मात्र गुरुवारी दहाला येत होता. मी बोलत नव्हतो तेव्हाही येत होता, हे मला बायकोनं नंतर सांगितलं. ती त्याच्यासाठी चहा करून ठेवून कामावर जायची. एका गुरुवारी मी मुद्दाम घरी थांबलो.

भाऊनं मशीनमध्ये एक साधी गोष्ट करून ठेवली होती. कॉम्प्युटर चालू केला की दुसरं काही दिसायच्या आधी अण्णांचीच फाईल उघडायची, तीही शेवटच्या ओळीवर. म्हणजे अण्णा बसले की समोर कालचं वाक्य. मग पुढचं वाक्य लिहिण्यावाचून त्यांना गत्यंतर नव्हतं. आणि त्या एक्केचाळीस फायली त्यानं एकेक करून वाचल्या होत्या. सुरुवात सगळीकडं तीच, पण पुढं कुठं कुठं वेगळं काही आलेलं. एकीत गोदावरी ओलांडताना पाण्यात उतरायला तयार नसलेला बोकड. एकीत कोकराला ताप आला तर आजी काय पाजायची ते. एकीत नुसती रात्रीच्या मुक्कामांची नावं, ओळीनं. तेवढं तेवढं वेचून त्यानं एका जागी आणलं. त्या एका पानाची अकरा पानं झाली.

"हे मी कधी लिहिलं?" अण्णांनी विचारलं.

"मागंच लिहिलंय अण्णा. व्हायरसनं दाबून ठेवलं होतं. मी आता काढू राह्यलो."

"हरामखोर," अण्णा व्हायरसला म्हणाले आणि खूश होऊन पुढचं वाक्य लिहायला लागले. भाऊ नुसता बाजूला बसून होता. सांगत नव्हता, सुचवत नव्हता. अण्णांचं बोट अडलं की तोही खिडकीबाहेर बघत बसायचा. हा माणूस, जो लोकांच्या घरात घुसून भर कुटुंबात चुका काढायचा, तो एका चुकीपाशी तासभर गप्प बसून राहायचा. मला त्याचा हेवा वाटला, आणि स्वतःची लाजही वाटली. मला अण्णांच्या शेजारी दहा मिनिटं बसलं तरी घड्याळ बघावंसं वाटायचं.

मग आमच्या घरात सगळ्याच गोष्टी व्हायरसवर जायला लागल्या. चष्मा फ्रीजमध्ये सापडला, व्हायरस. दुपारी दुसऱ्यांदा जेवायला बसले, व्हायरस. अण्णा स्वतःच म्हणायचे, "खाल्लं बघ त्यानं." बायको हसायची, तेही हसायचे. डॉक्टरांनी सांगितलेला शब्द आम्ही घरात कधी उच्चारला नाही. वर्षभर तरी ते त्या खुर्चीवर टोपी घालून, मान ताठ ठेवून बसले. आमच्या घरात कुणी त्यांच्यावर हसलं नाही, आणि त्यांना आपल्याकडून काही चुकतंय असं वाटलं नाही. याचं श्रेय माझ्या विज्ञानाला अजिबात नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात भाऊचं दुकान गेलं. जागेच्या मालकाला तिथं मोबाईलची कव्हरं विकायची होती. तसंही आता घरात कॉम्प्युटर ठेवतं कोण? सगळ्यांच्या भानगडी आता ज्याच्या त्याच्या फोनमध्ये असतात, कुटुंबाला बसवून विचारायची सोय उरलेली नाही. समोरच्या साहेबांनीही मशीन भंगारात दिलं. भाऊ पिशोरला परत जायचं म्हणत होता. बाजाराच्या दिवशी तिथं फोन दुरुस्तीचं टेबल टाकायचं, उरलेले दिवस शेती.

शेवटच्या गुरुवारी तो आला तेव्हा मला म्हणाला, "सर, पुढच्या गुरुवारपासून तुम्ही बसा."

"मला काय येतंय त्यातलं?"

"काय यायला पाहिजे त्याला? दहाला बसायचं, अकराला उठायचं. मधी विचारायचं काय नाय." मग म्हणाला, "तपासायचं तर बिलकुल नाय. तुम्हाला सवय हाय म्हणून सांगतो."

अण्णांच्या पाया पडला आणि गेला. आम्ही फोन करू म्हटलं, तोही करू म्हणाला. एकदोनदा झाला. आता लागत नाही. मागच्या महिन्यात कन्नडला लग्नाला गेलो होतो, तिथून पिशोरला वाकडी वाट केली. त्या दिवशी बाजार नव्हता. भाऊला ओळखणारं कुणी भेटलं नाही, कारण मला त्याचं पूर्ण नावच माहीत नव्हतं. बारा वर्षांत आम्ही कुणी विचारलं नव्हतं.

मुख्याध्यापकांना सांगून मी गुरुवारचे पहिले दोन तास सोडवून घेतले. आता मी बसतो. सुरुवातीला लाल पेन घेऊन बसल्यासारखं व्हायचं, हात शिवशिवायचे. आता इतकं नाही. अण्णांचं लिहिणं कमी झालंय. कधी एक ओळ, कधी एक शब्द. परवा तर बराच वेळ बोट नुसतं हवेत होतं. मग ते खाली ठेवून त्यांनी माझ्याकडं पाहिलं, चांगलं निरखून पाहिलं, आणि हात जोडले.

"भाऊ," मला म्हणाले, "तुम्ही येता म्हणून बरं हाय. त्या दिवशी माझा पोरगा सगळं पुसून टाका म्हणत होता. तुम्ही पुसू दिलं नाय."

खोलीत आम्ही दोघंच होतो. मी कोण आहे ते सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं.

"पोरगा वाईट नाय, अण्णा," मी म्हणालो. "त्याला म्हाईत नव्हतं."

अण्णांनी यावर विचार केला. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून, दाराकडं एकदा बघून, हळू आवाजात म्हणाले, "व्हय, वाईट नाय. पण मी असं बोललो ते त्याला सांगू नका. मास्तर हाय तो, लई मनाला लावून घेतो."